मुकादम आणि आत्याबाई यांच्या ताब्याविषयी

मी, या कागदाखाली सही करणारा, धंद्याने काचवाला, शिक्षणाने सातवीपर्यंतचा, माझी शेवटची इच्छा माझ्याच हाताने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. काळजी करण्याची सवय आहे, पण काळजी म्हणजे वेड नव्हे, हे मी दवाखान्यातल्या डॉक्टरांना मुद्दाम विचारून घेतले. ते म्हणाले, "वेड लागलं असतं तर एवढी काळजी केली नसती." हा मी दाखला म्हणून धरतो. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, कोणी काही पाजलेले नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. लावली असती तर बरे वाटले असते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी जुना कागद काढून दाखवला तर तो खोटा समजावा.

ओळखीची खूण: उजव्या हाताच्या तर्जनीवर दातांची एक वाकडी रांग. दात वामीचे आहेत. यात वामीचा दोष नाही. माझ्या बोटांना मासळीचा वास होता आणि तिला दिसते कमी.

उद्या हा कागद कोर्टात गेला तर तिथल्या साहेबांना माझे घर माहीत असणार नाही, म्हणून आधीच सांगतो. माझ्या घराच्या पुढच्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. या टाकीत दोन जण राहतात. एक हेकरू. हा समुद्रात खडकांच्या कपारीत राहणारा, रुंद तोंडाचा शिकारी मासा. तोंड उघडले तर माझी मूठ आत जाईल आणि लांबीने तो माझ्या पूर्ण हातापेक्षा मोठा आहे. त्याला आम्ही मुकादम म्हणतो, कारण तो हात मागे बांधल्यासारखा एका जागी तरंगतो आणि खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचे काम तपासतो. दुसरी ती वाम. सापासारखी लांब, माझ्या मनगटापेक्षा जाड, दिवसभर बिळातून नुसते डोके बाहेर काढून तोंडाची उघडझाप करते. ती श्वास घेत असते, पण कोणाची तरी उणीदुणी काढते आहे असेच वाटते. ती आत्याबाई. हे दोघे सोडले तर टाकीत दुसरे काही जगत नाही. का, ते पुढे येईल.

हा कागद मी मुख्यतः या दोघांसाठी लिहितो आहे. माझ्यामागे घराचे काय होईल याची मला फारशी धास्ती नाही. घर कुठे जात नाही. यांना मात्र न्यायला माणसे टपली आहेत.

कलम पहिले. दुकान.

काचेचे दुकान, आतल्या सामानासकट, माझ्या मुलीला द्यावे. तिला काच कापता येत नाही, पण भाव करता येतो आणि दुकान भावावरच चालते. जुना कारागीर हवा तितकी वर्षे कामावर राहील. त्याला कोणी काढू नये. काच कापायची माझी हिऱ्याची कलम त्याला द्यावी. ती माझ्या उस्तादांची आहे. उस्ताद मला म्हणायचे, "तुझा हात थरथरतो, तू काच कापणार कशी?" हात थरथरायचा तो काळजीने. पण कलम काचेला टेकली की थरथर बंद व्हायची, हे त्यांनीही पाहिले आणि एक दिवस बोलता बोलता कलम माझ्या खिशात टाकली. त्यांनी तोंडाने कधी शाबासकी दिली नाही. मीही कारागिराला दिलेली नाही. ती या कागदाने देतो.

कलम दुसरे. बँकेतली शिल्लक.

ती मुलगा आणि मुलगी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. बायकोचे दागिने मुलीचे. बांगड्यांची जोडी मात्र सुनेची, कारण बायको शेवटच्या आजारात असताना स्वतःच ती सुनेच्या हातात चढवून बसली होती आणि "काढलीस तर बघ" म्हणाली होती. जे झाले तेच इथे लिहिले आहे.

कलम तिसरे. जावई.

जावयाचा माझ्यावर एक दावा आहे. तो इथेच मिटवून टाकतो. मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदा घरी आले तेव्हा हे गृहस्थ माझ्या मनात भरावे म्हणून पाण्याच्या पिशवीतून एक पिवळाधमक मासा घेऊन आले. दिसायला लाख होता. मी म्हटले, "बाजूच्या छोट्या टाकीत ठेवू."

ते म्हणाले, "नाही मामा, दुकानदारानं सांगितलंय, हा एवढा रुंद आहे की तुमच्या माशाच्या तोंडात मावणारच नाही."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी पिशवी उपडी केली. मुकादम हललाही नाही. त्याने नुसते तोंड उघडले, आणि पाण्याबरोबर तो पिवळा मासा आत गेला. शेपटी तेवढी ओठांतून बाहेर राहिली. ती दुसऱ्या दिवशीपर्यंत तशीच होती.

जावई म्हणाले, "अहो, तो... तो माझा होता!"

मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. माझी बायको म्हणाली, "जावईबापू, आहेर पावला."

हेकरू पाळणाऱ्याने सर्वात आधी हे शिकायचे असते, की हेकरूचे तोंड बंद असताना जेवढे दिसते तेवढे ते नसते. जावयांनी चूक मान्य केली, पण माशाची आठवण अजून काढतात. तर छोटी टाकी, तिच्या स्टँडसह, मी त्यांना देतो. त्यांनी तिच्यात शेवाळ खाणारे काहीतरी ठेवावे आणि सुखाने राहावे.

कलम चौथे. घर.

मागच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ओटा मुलाच्या नावे करावा. पुढची खोली करू नये. ती कोणाच्या नावे ते पुढे लिहितो. मुलाला राग येईल. तो त्याने माझ्यावर काढावा. त्या वेळी मी सापडणार नाही.

मुलगा वाईट नाही. तो वेळेवर घरी येतो, माझी औषधे आणतो, आणि टाकीला "तुमचं ते" म्हणतो. "तुमचं त्याचं बिल आलं." "तुमचं ते आज खात नाही का?" गेल्या वर्षी तो मला गाडीत घालून एका मोठ्या हॉटेलात घेऊन गेला. आत शिरताच समोर भिंतभर काच, आत पाणी, वर दिवे. काचेचे काम चांगले होते. जोड मी हात फिरवून पाहिले. हॉटेलचे मालक स्वतः आले, मला खुर्ची दिली, चहा दिला.

"काका, मासा मोठा पाहिजे," ते म्हणाले. "लोक दारातच थांबले पाहिजेत. तुमच्या मुलाने फोटो दाखवला. असा मासा मला कुठे मिळत नाही."

मला बरे वाटले, नाही कशाला म्हणू? मग मी विचारले, "यात दगड कुठाय? त्याला लपायला?"

"लपला तर लोक बघणार काय?"

मी चहा ठेवला आणि गाडीकडे निघालो. मुलगा मागून आला. म्हणाला, "बाबा, तिथं माणसं ठेवलीत सांभाळायला. तज्ज्ञ आहेत. तुमच्यानंतर आपल्याकडे कोण बघणार आहे, सांगा ना. मी?"

"तू नाहीस," मी म्हटले.

"मग कोण?"

मी गाडीत बसून दार ओढून घेतले. वर्षभर मी त्याच प्रश्नावर बसून आहे. हा कागद म्हणजे मुलाच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि तो प्रश्न चुकीचा नव्हता हे मी इथे मान्य करतो. हॉटेलवाल्याला मात्र मासा द्यायचा नाही. आज नाही, माझ्यानंतर नाही, कोणी कितीही गोड बोलला तरी नाही. बिळाशिवाय हेकरू म्हणजे दाराशिवाय माणूस. तो खाणे टाकतो, रंग टाकतो आणि काचेला नाक घासत मरतो. लोक तेही थांबून बघतील.

मुलीचे म्हणणे वेगळे. ती म्हणते, "बाबा, समुद्रात सोडून देऊ या ना. बिचारे. सुटतील." मुलगी दयाळू आहे, आईवर गेली आहे. पण हा मासा माणसाचा हात दिसला की वर येतो. समुद्रात हात दिसेल तो गळ टाकणाऱ्याचा. शिवाय माझ्या टाकीतला काय रोग याच्या अंगात असेल तो तिथल्यांना कशाला द्यायचा? ज्याला पिल्लू असताना उचलून आणले, त्याला म्हातारपणी दाराबाहेर ठेवणे याला सुटका म्हणत नाहीत.

मध्येच उठून बघून आलो. पंप चालू आहे.

कलम पाचवे. मुकादम व आत्याबाई.

यांच्याविषयी थोडे अभिमानाने लिहितो. मरायला टेकलेल्या माणसाने एवढे करायला हरकत नाही. टेकलेला आहे असे डॉक्टर म्हणत नाहीत, मी म्हणतो.

मुकादम मला बंदरावर मिळाला, आमिषाच्या बादलीत, बोटाएवढा. दुसरी मासळी धरायला त्याला गळाला लावणार होते. तो बादलीच्या कडेला चिकटून माझ्याकडे बघत होता. मी विचारले, "हा देता का?" तो माणूस हसला, "न्या, पण पाण्यासकट न्या." त्या दिवशी मी तुटलेल्या शोकेसच्या काचांची पहिली टाकी केली. मग तो वाढला, मग दुसरी केली. मग तो पुन्हा वाढला आणि मी ही भिंत केली. या टाकीची प्रत्येक काच मी कापली, प्रत्येक कड मी घासली, प्रत्येक जोड मी भरला. पाणी भरल्यावर आठवडाभर मी खाली चटई टाकून निजलो. बायको म्हणाली, "फुटली तर आधी तुम्ही वाहून जाल, तेवढी शांतता." फुटली नाही. थेंब गळाला नाही. शहरात काचवाले पुष्कळ आहेत. ज्याने समुद्र उभा धरून ठेवला असा मला दुसरा माहीत नाही.

मोठे शिकारी मासे घरी ठेवायची हौस पुष्कळांना येते. पिल्लू गोड असते, बोटातून खाते, पाहुण्यांना दाखवता येते. वर्ष जाते, मासा टाकीएवढा होतो, आणि मग तो कोणाच्या तरी गळ्यात मारतात. आत्याबाई माझ्याकडे अशाच आल्या. एका घरातून त्यांना कोणी नको म्हणाले होते. मी विचारले, "खोड काय आहे?" म्हणाले, "चावते." मी म्हटले, "मग ठीक आहे, वाम आहे."

हेकरू जातीचे मासे जन्मतात मादी, आणि वय झाल्यावर त्यातले काही नर होतात, हे मला बंदरावर मासे तपासायला येणाऱ्या बाईंनी सांगितले. मुकादमाचा रंग बदलला, बांधा बदलला, त्या म्हणाल्या, आता हा नर. मी घरी येऊन बायकोला सांगितले. तिने इतकी वर्षे मुकादमाला "माझी सवत" म्हणून हाक मारली होती. ती पोळी उलटत म्हणाली, "बरं झालं. म्हणजे आता दीर झाला. उद्यापासून पदर सावरून जायचं का त्याच्यासमोर?"

तिचा एकच खरा राग होता. "घरातल्या माणसांना शिळं आणि त्याला ताजं." हे खरे आहे. त्याला शिळे चालत नाही.

आता काही सूचना. हाताला साबण लावून टाकीत हात घालू नये. खाणे बोटाने नव्हे, लांब चिमट्यानेच द्यावे. पोट भरले की थांबावे. तो नाही थांबणार, आपण थांबावे. काचेवर टकटक करणाऱ्या पाहुण्याला परत बोलावू नये. आत्याबाईंनी खाणे सोडले तर घाबरू नये. त्या महिना महिना उपास करतात आणि मग काहीच झाले नाही अशा जेवायला येतात. हे "घाबरू नये" मला स्वतःला कधी जमले नाही, पण दुसऱ्याने करून पाहावे. मुकादम गेला तर त्याला मागच्या अंगणात पुरावे. या कलमावर मासळीवाली मावशी म्हणाली, "एवढा हेकरू मातीत? पाप लागेल." तिचे मत इथे नोंदवले. मानायचे नाही.

कलम सहावे. पुढची खोली, टाकी, पंप, चिमटा, आणि वरील दोघे.

हे सर्व मी माझ्या सुनेला देतो. तिच्या एकटीच्या नावे. दोघांपैकी एकही जिवंत असेपर्यंत ती खोली विकता येणार नाही आणि टाकी हलवता येणार नाही.

सून का, असे मुलगा विचारेल. मुलगीही विचारेल. सून स्वतः सर्वात आधी विचारेल. तेव्हा लिहून ठेवतो.

सून मागच्या खोलीत शिवणकाम करते. माझे पोटाचे ऑपरेशन झाले तेव्हा मी दवाखान्यात पडून होतो. टाकीतले पाणी रोज थोडे हवेत उडते. काचेवर मी पाण्याची रेघ कोरून ठेवली आहे, पाणी त्या रेघेपर्यंत हवे. मी नसताना पाणी रेघेखाली गेले. हे सुनेने पाहिले. समुद्राचे मासे, म्हणजे खारे पाणी, असा तिने सरळ विचार केला. ती रोज बादलीत मीठ कालवायची, ढवळून ढवळून विरघळवायची आणि रेघेपर्यंत टाकी भरायची. पण टाकीतून उडते ते पाणी. मीठ उडत नाही, ते आतच राहते. उडालेली जागा गोड्या पाण्यानेच भरायची असते. ती जितकी प्रेमाने भरत गेली तितका समुद्र कडक होत गेला. मी घरी आलो तेव्हा आत्याबाई बिळाबाहेर वाळूवर आडव्या पडल्या होत्या आणि मुकादम एका कोपऱ्यात भिंतीला टेकून होता.

मी ओरडलो. टाके तुटतील इतका ओरडलो. त्याचा मला पश्चात्ताप नाही. दोन जीव जात होते. सून ओल्या हातांनी उभी राहून ऐकत होती. मला बादली उचलता येत नव्हती. मग तिनेच उचलली. खारे पाणी एकदम गोडे केले तरी मासा मरतो, ते हळूहळू उतरवावे लागते. मी खुर्चीतून सांगायचे, तिने एक एक तांब्या काढायचा आणि घालायचा. दोघेही वाचले. त्यानंतर सून टाकीसमोरून जाताना हात मागे घेऊन जाते. मी कधी म्हटले, "जरा चिमटा दे," तर आणून स्टुलावर ठेवते, माझ्या हातात देत नाही.

आता मुलाला सांगतो. मी नसताना तू त्याच खोलीत बसून पेपर वाचत होतास. तुझ्या हातून काही चूक झाली नाही. पाणी रेघेखाली गेले, हे तुला दिसलेच नाही. मुलगी दोनदा भेटायला आली, तिच्या हातूनही चूक झाली नाही. चूक एकटीच्या हातून झाली, कारण टाकीकडे बघत एकटीच होती. मीठ आणि पाणी यांतला फरक एका वाक्यात शिकवता येतो. रेघेकडे बघणे शिकवता येत नाही. मला इतक्या वर्षांत दुसऱ्या कोणाला शिकवता आले नाही.

आणखी एक आहे. मागे मुकादम अधूनमधून आत्याबाईंच्या बिळासमोर जाऊन डोके जोरजोरात हलवायला लागला. मला वाटले, आकडी आली. मी पाणी बदलले, पंप उघडला, दोन दिवस जेवलो नाही. सून दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, त्याला काही झालेलं नाही. मासळीवाल्या मावशीची हाक आली की तो तसं करतो. आत्याबाईंना जेवायला बोलावतोय तो."

मी म्हटले, "मासा कशाला बोलावील?"

"मग बघा ना."

मावशीची हाक आली. मुकादम बिळापाशी गेला, डोके हलवले, आणि आत्याबाई सरपटत बाहेर आल्या. पुढे बंदरावर पाण्याखाली जाणाऱ्यांनीही मला सांगितले, की हे दोघे समुद्रात असेच मिळून शिकार करतात, हेकरू वामीला बोलवायला जातो. ती कपारीतले भक्ष्य बाहेर काढते, हा बाहेर धरतो. म्हणून या दोघांना वेगळे करायचे नाही, एक मुलाकडे आणि एक मुलीकडे असली वाटणी तर अजिबात नाही.

कलम सातवे. साक्षीदार.

वरच्या मजल्यावरचे मास्तर माझ्या पंपाच्या घरघरीविरुद्ध पुष्कळ वर्षे तक्रार करत आले. त्यांच्या अर्जांची भाषा चांगली असे. एका दुपारी वीज गेली, पंप थांबला आणि मास्तर जिन्यावरून बनियनवर खाली आले. "काचवाले, आवाज का बंद झाला? मासे बरे आहेत ना?" तेव्हापासून आमचे वैर नावापुरते आहे. या कागदाचा अंमल त्यांनी पाहावा.

मासळीवाल्या मावशीने मुकादमाला लहानाचा मोठा केला असे तिचे म्हणणे आहे. "मासळी मी आणली, तुम्ही नुसतं पाणी बदललंत." तिला मी काही देणार होतो, पण साक्षीदाराला काही देता येत नाही असे मास्तर म्हणाले. तिला विचारले, साक्ष की वाटा? ती म्हणाली, "साक्षच असू दे. देऊन देऊन देणार काय तुम्ही, जुनी बादली?"

इथे कागद संपणार होता. मास्तर आणि मावशी समोर बसले होते. सून चहा घेऊन आली. मास्तर म्हणाले, "जिच्या गळ्यात घालताय तिला वाचून तरी दाखवा." मी सहावे कलम वाचले. सुनेने ट्रे खाली ठेवला.

"बाबा, मला विचारलंत कधी?"

"आता विचारतोच आहे."

"हे विचारणं नाही. हे लिहून झालंय."

मावशी म्हणाली, "बरोबर बोलली."

सून टाकीकडे वळली. मग म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी हातात चिमटा घ्यायचा. आणि तेव्हा परत काही चुकलं, तर ओरडायला तरी कोण असेल? मला नको तुमच्यामागं. द्यायचे तर आत्ता द्या. तुम्ही खुर्चीत असताना."

मी म्हटले, "माझ्या हयातीत?"

"हो. आणि एक. मी देत असताना तुम्ही बोलायचं नाही. मी विचारलं तरच सांगायचं."

"हे काही त्यांना जमायचं नाही," मावशी म्हणाली.

मास्तर म्हणाले, "तोंडी नको. कलम करा. नंबर घालून करा."

हे घर मी नसताना कसे चालेल याची मी एवढी वर्षे काळजी केली. मी असताना ते माझ्याशिवाय चालेल याचा विचारच केला नव्हता. हो म्हणायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. मग हो म्हटले.

कलम आठवे. तात्काळ लागू.

मुकादम, आत्याबाई, टाकी आणि चिमटा यांचा ताबा, माझ्या मृत्यूची वाट न पाहता, आजपासून सुनेकडे. मी खुर्चीत बसेन. विचारल्याशिवाय बोलणार नाही.

हे कलम मी लिहितो आहे तेव्हा सून झाकण उघडते आहे. मावशीने आजची मासळी साफ करून दिली आहे. मी कागदावरून डोळे उचलत नाही, कारण उचलले तर बोलेन. चिमटा ती फार खाली धरते असे मला वाटते. लिहितो, बोलत नाही. मास्तर श्वास रोखून बसले आहेत, ते मला ऐकू येते. मावशी म्हणते, तो वर आला. मावशी म्हणते, तो आधी खुर्चीकडे बघतो आहे. मी कागदाकडेच बघतो आहे. बघ बाबा, तिकडे बघ, माझ्याकडे काही नाही.

पाणी उडाले. दोन थेंब कागदावर पडले. ही खाडाखोड नव्हे, ते टाकीचे पाणी आहे.

मावशी म्हणते, घास घेतला.

सून म्हणाली, "बाबा, आता आत्याबाईंना किती देऊ?"

तिने विचारले, म्हणून सांगितले.

वर लिहिलेले सर्व माझ्या मर्जीने लिहिले, वाचले, आणि ते मला पुरेपूर मान्य आहे.

ठिकाण: राहत्या घरी, पुढच्या खोलीत, खुर्चीत बसून.

दिनांक: आजचा. तारीख मास्तर त्यांच्या अक्षरात घालतील, माझा हात आता थरथरतो आहे.

सही: काचवाला

साक्षीदार पहिली: मासळीवाली मावशी. सही स्वतः केली आहे, अंगठा नाही. सर्व माझ्या डोळ्यांदेखत झाले. चिमटा बरोबर धरला होता.

साक्षीदार दुसरे: वरच्या मजल्यावरचे मास्तर. लिहून देणाऱ्याने आम्हां दोघांसमोर पूर्ण शुद्धीवर सही केली. कलम आठमधील अट त्यांनी सही होईपर्यंत पाळली, हे मी स्वतः पाहिले. पुढचे सांगता येत नाही.